पाहुणं इंजिन

बेअरिंग हातात घेतलं की मी अजूनही आधी डोळे मिटते. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, बाई देवाचं नाव घेतेय. मी बोटावर बेअरिंग फिरवते आणि कुठे खरखर लागते का ते बघते. डोळे उघडे असले की माणूस चकाकी बघतो, असं मला शमुवेल साळवे मिस्त्रींनी शिकवलं.

नागापूरच्या एमआयडीसीत आमचं बेअरिंगचं दुकान आहे. खरं तर सासऱ्यांचं. त्यांना अर्धांगाचा झटका आला, नवऱ्याची नोकरी फिरतीची, म्हणून शटरच्या किल्ल्या माझ्या हातात आल्या. मी मराठी घेऊन एम. ए. झालेली. पहिल्याच दिवशी एका टेम्पोवाल्यानं नंबर सांगितला, मी निम्मी खोकी खाली काढली आणि तरी त्याला चुकीचं बेअरिंग दिलं. तो तासाभरात परत आला आणि रस्त्यावरून ओरडायला लागला. तेवढ्यात शेजारच्या पत्र्याच्या शेडमधून एक उंच, वाळका, खाकी कपड्यांतला माणूस हात पुसत आला. त्यानं फडताळातलं बरोबर खोकं न बघता काढून टेम्पोवाल्याच्या हातावर ठेवलं, त्याला वाटेला लावलं आणि मला म्हणाला, "सूनबाई, आकडं पाठ करू नका. आकडा खोक्यावर असतोच. हाताला शिकवा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी भंगारातली दहा बेअरिंगं रॉकेलनं धुऊन आणली. चांगलं कुठलं, गेलेलं कुठलं, हे डोळे मिटून सांगायचं. आठ दिवस ही शाळा चालली. नवव्या दिवशी माझी दहाच्या दहा बरोबर आली तेव्हा त्यांनी आपल्या डब्यातला रव्याचा लाडू माझ्या गल्ल्यावर ठेवला आणि गेले.

मिस्त्री जुन्या इंजिनांचे डॉक्टर. त्यांच्या शेडला पाटी नव्हती. भिंगारहून सायकलीवर यायचे, बरोबर नऊला. आल्यावर कुलूप काढण्याआधी दारापुढची जागा स्वतः झाडायचे. एक वाजता डबा. डब्याआधी हात धुण्याचा सोहळा, आधी रॉकेल, मग लाकडाचा भुसा, मग साबण. आणि शेवटी खिशातून पांढरा स्वच्छ रुमाल. तो रुमाल रूथकाकू, म्हणजे त्यांची बायको, रोज नवा द्यायच्या. तीस वर्षं ग्रीसमध्ये काम करून त्या रुमालाला कधी डाग लागला नाही, ह्याचा त्यांना फार अभिमान होता. बाकी कशाचा होता असं मी पाहिलं नाही.

त्यांना ऐकायला कमी येत होतं, हे मला पहिले सहा महिने कळलंच नाही. ऐन तारुण्यात एका कारखान्यात घणाखाली काम केलं होतं, त्याचा तो प्रसाद. माणसांचं बोलणं ते ओठांवरून ओळखायचे. इंजिनाला ओठ नसतात. म्हणून त्यांनी वेगळी युक्ती काढली होती. हातभर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं आणि लाकडी मूठ दातांत धरायची. आवाज दातांतून थेट डोक्यात जातो म्हणायचे. तसे डोळे मिटून, दातांत मूठ धरून ते उभे राहिले की रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे. मिस्त्री मिनिटभरानं मूठ काढायचे आणि सांगायचे, "तिसऱ्या सिलिंडरचा झडप-दांडा. बाकी घर सुखी हाय."

तपासल्याशिवाय ते मत देत नसत. कुणी घाई केली की एकच वाक्य, "आधी मोजू, मग बोलू." मोजलेलं सगळं शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूनं लिहीत. गिऱ्हाईक दाराकडे बघूनच आपल्या गाडीचं काय होणार ते समजून जाई.

इंजिनाच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जमत नसे. एकदा एका दलालानं टेम्पो विकायला काढला आणि घेणाऱ्याला मिस्त्रींपुढे आणून उभं केलं. "मिस्त्री, सांगा यांना, इंजिन कसंय." दलालानं आधी डोळाही मारून ठेवला होता. मिस्त्रींनी दातांत मूठ धरली, ऐकलं आणि घेणाऱ्याला म्हणाले, "आज चांगलं हाय. दिवाळीला रडंल." सौदा मोडला. दलाल चिडून गेला तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही.

राहात्याची गोष्ट तर आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत होती. तिथल्या एका पेरूवाल्याच्या गाडीचं इंजिन मिस्त्रींनी करून दिलं. गाडी गेली, चांगली चालली. चार दिवसांनी मिस्त्री दुकानात आले, चेहरा उतरलेला. मला म्हणाले, "सूनबाई, एक रिंग उलटी बसली वाटतं माझ्याकडनं."

"वाटतं म्हणजे?"

"हातानं बसवली तवा ध्यानात आलं न्हाई. काल जेवताना हाताला आठवलं."

दुसऱ्या दिवशी ते हत्यारांची पिशवी घेऊन एसटीनं राहात्याला गेले. पेरूवाला म्हणाला, गाडी झकास पळतेय, कशाला खोलता? मिस्त्रींनी बागेतच, झाडाखाली पोतं अंथरून इंजिन उघडलं. रिंग खरंच उलटी होती. ती सुलट करून, संध्याकाळच्या गाडीनं परत आले. बरोबर पेरूंची अर्धी गोणी होती, ती त्यांनी सगळ्या शेडमध्ये वाटली. मी म्हटलं, "त्या माणसाला काहीच कळलं नव्हतं, मिस्त्री." ते पेरू पुसत म्हणाले, "त्येला न्हाई. पण मला कळलं हुतं ना."

अशा माणसाकडे नलूअक्कांची गाडी आली.

अक्का श्रीगोंद्याच्या. ऊसवाल्या घरातल्या, सत्तरीच्या पुढच्या, सडपातळ, नऊवारी नेसणाऱ्या. त्यांचे मालक तीनेक वर्षांपूर्वी गेले होते. गाडी अक्कांच्या सासऱ्यांनी घेतलेली, विलायती बनावटीची, काळी, गोल डोळ्यांसारख्या दिव्यांची. मालक असेपर्यंत ती दर आठवड्याला निघायची. ते गेल्यावर गोठ्याशेजारी ताडपत्रीखाली उभी राहिली. मुलगा अजित पुण्यात नोकरीला. त्याला जुन्या गाड्यांचा नाद. तोच गाडी ट्रकवर चढवून नागापूरला घेऊन आला. चालू केली तेव्हा मागून निळा धूर आमच्या दुकानापर्यंत आला.

मिस्त्रींनी चार दिवसांत इंजिन उतरवलं आणि मोजलं. सिलिंडर वर झिजून रुंद झालेले, आधीच तीनदा बोअर केलेले, आता आणखी कातायला भिंतच उरलेली नाही. क्रँकवर ओरखडे. खालची बेअरिंगं जुन्या पद्धतीची, मऊ धातू वितळवून ओतायची. तसं काम करणारा माणूस जिल्ह्यात उरला नव्हता. मिस्त्रींनी ते तरुणपणी केलं होतं. दारावर दोन रांगा भरून आकडे उमटले.

अजितनं ते वाचलं. "होईल ना पण? मला जुनंच इंजिन हवंय, मिस्त्री. आरसी बुकातला नंबर आणि ब्लॉकवरचा नंबर एक पाहिजे. त्यातच तर सगळी किंमत आहे."

"हुईल. ब्लॉकमधी नव्या नळ्या ठोकू. पिस्टन भायेरून मागवावं लागतील. धातू मी ओतीन." मिस्त्री खूश दिसले. त्यांना तसंच गिऱ्हाईक आवडायचं. कुणी जुन्या गाडीत नवं इंजिन बसवा म्हणालं तर ते हात जोडून शेजारचा रस्ता दाखवायचे. "पर वेळ लागंल. वरीस-दीड वरीस."

"लागू दे," अजित म्हणाला.

आठवड्याभरानं, भर दुपारी, अक्का एकट्याच एसटीनं आल्या. श्रावण संपत आला होता. आमच्या दुकानाच्या पायरीला पाय अडखळला तेव्हा मी धावत जाऊन हात धरला. त्यांनी मान वळवून वळवून माझा चेहरा शोधला. मग म्हणाल्या, "नळीतनं बघितल्यावानी दिसतंय बाळा. कडंचं सगळं गेलं." काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं किती दिवस राहील ते सांगता येत नाही.

मी त्यांना मिस्त्रींकडे नेलं. एकाला ऐकू येईना, एकीला दिसेना. त्या दारावरचे आकडे नाक टेकवून वाचायला गेल्या, आणि मिस्त्री त्यांच्या ओठांकडे बघायला म्हणून वाकले, तर दोघांची डोकी आपटायची बाकी राहिली. शेवटी मी मध्ये स्टूल टाकून बसले आणि अक्कांचं बोलणं मिस्त्रींकडे तोंड करून पुन्हा सांगू लागले.

"मिस्त्री, मला दसऱ्याच्या आत माहेराला जायचंय. पाथर्डीच्या पल्याड हाय माझं गाव. ह्याच गाडीनं."

"अक्का, अजितरावांची नवी गाडी हाय की."

"हाय. तिच्यात बसून गेल्ते गेल्या साली. ती शंभरनं जाती. मला काय दिसावं? एक झाड धरंपतुर दहा झाडं मागं जात्यात. ही गाडी तिसा-चाळिसानं जाती. मान वळवून बघायला सवड मिळती."

मिस्त्री दारावरच्या आकड्यांकडे बघू लागले. अक्कांना वाटलं, त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी आवाज चढवला.

"अन् दसरा झाला का गाव मोकळं पडतंय. सगळी ऊसतोडीला जात्यात. माझ्याच माहेरची माणसं माझ्याच सासरच्या रानात ऊस तोडायला यायची, मिस्त्री. मी माडीवरनं बघायची अन् चुलीवर भाकऱ्या थापायची, दुसरं काय करणार? माझी मैत्रीण हाय तिथं, गजरा. बरोबरीची माझ्या. अजून जाती पोरांसंगं, नातवंडं सांभाळायला. ती गेली म्हंजे पाच-सहा महिने. तवर माझं काय राहतंय..." त्यांनी डोळ्यांकडे बोट दाखवलं. "तिचं तोंड बघायचंय मला. तुमी कुठलं बी इंजिन घाला. ट्रॅक्टरचं घाला. पर चालती करा."

मी हे सगळं शब्दन्‌शब्द सांगितलं. मिस्त्रींनी खिशातून रुमाल काढला, घडी उघडली, पुन्हा घातली. "अक्का, आसं काम मी कधी केलं न्हाई," एवढंच म्हणाले.

"मी बी आंधळी कधी झाले नव्हते," अक्का म्हणाल्या आणि हसल्या. मग मी त्यांना रिक्षानं स्टँडवर सोडून आले.

पुढचे दोन दिवस मिस्त्री कुणाशी बोलले नाहीत. नवं काम हातात घेतलं नाही. मोकळ्या गाडीभोवती फिरायचे, खाली सरपटत जाऊन चॅसीची भोकं मोजायचे, बाहेर येऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी डबा तसाच परत नेला. मला वाटलं, ते नाही म्हणणार. आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा राग यायला लागला होता. तत्त्वापायी म्हातारीला ताटकळत ठेवतात म्हणून.

तिसऱ्या दिवशी नऊ वाजता ते दार झाडून सरळ दुकानात आले. "सूनबाई, अजितरावांस्नी फोन लावा. माझं बोलणं तुमी सांगा."

"काय सांगू?"

"दोन्ही करू म्हनावं. जुनं इंजिन मी सावकाश बांधतो. तवर गाडीत एक पाव्हणं इंजिन बसवू."

अजित फोनवर उसळला. आईला आपण नेऊ की कधीही, गाडीची वाट कशाला लावायची? कापाकापी होणार, भोकं पाडणार, ओरिजिनल काही उरणार नाही. मी फोन स्पीकरवर टाकून त्याचं बोलणं कागदावर लिहीत होते आणि मिस्त्री वाचत होते. ते फोनजवळ वाकून मोठ्यानं म्हणाले, "चॅसीला एक नवं भोक पाडलं, तर माझं साळवे नाव लावू नका. जुन्याच भोकांत बसवीन. काढलं का खूण राहणार न्हाई. अन् अजितराव, गाडी तुमची हाय खरी. पर डोळं त्यांचं हायेत."

 मग अजित म्हणाला, "नव्या इंजिनाचा नंबर पुस्तकात चढवायला लागेल. तो अर्ज मी करतो."

मग पुढचा महिना मी त्या शेडमध्ये जे पाहिलं, तसं काम पुन्हा पाहिलं नाही. अपघातात मोडलेल्या एका व्हॅनचं छोटं पेट्रोल इंजिन मिळालं. ते जुन्या गिअरबॉक्सला कसंच जुळेना. मिस्त्रींनी अर्धा इंच जाडीची लोखंडी प्लेट लेथवर चढवली आणि दोघांच्या मध्ये बसेल अशी जोडतबकडी कातली. पहिली केसभर वाकडी झाली. ती फेकून दुसरी केली. दुसरी माझ्या डोळ्यांना उत्तम दिसत होती. त्यांनी बोट फिरवलं आणि तीही बाजूला ठेवली. तिसरी बसली. इंजिन टेकवायला त्यांनी जे ब्रॅकेट बनवले ते चॅसीच्या जुन्या भोकांत असे बसले, जसं काही विलायतेतच करून पाठवले असावेत. दरम्यान जुनं इंजिन त्यांनी ग्रीस लावून, तेलकागदात गुंडाळून, शेडच्या कोपऱ्यात लाकडी पाटावर ठेवलं होतं. दारावर जुन्या आकड्यांच्या दोन रांगा तशाच होत्या. शेजारी तिसरी रांग सुरू झाली. तिच्यावर त्यांनी लिहिलं होतं, 'पाहुणा'.

दसऱ्याला सहा दिवस उरले असताना आम्ही निघालो. अजित गाडी चालवायला, शेजारी अक्का, मागे मिस्त्री आणि मी. मला कशाला नेलं? मिस्त्रींना ऐकू यायचं नाही, अक्कांना दिसायचं नाही, म्हणून मध्ये मी. अक्कांनी नवं लुगडं नेसलं होतं. त्यांनी काच खाली करायला सांगितली आणि कोपर बाहेर ठेवलं.

खरंच गाडी चाळिसाच्या वर गेली नाही. मागून ट्रक भोंगे वाजवून पुढे जात होते. अक्का मान वळवून एकेक गोष्ट पकडत होत्या आणि मोठ्यानं सांगत होत्या. चिंच. विहीर. शाळा सुटलीय का गं? बाजरी खुडायला आलीय. ती बाई कुणाची असंल, डोक्यावर केवढा भारा! दोन्ही बाजूंचं आम्हाला एका नजरेत दिसत होतं म्हणून आम्ही काहीच बघत नव्हतो.

करंजीचा घाट लागला. पाहुणं इंजिन घाट असा चढलं की अजितचा चेहरा पहिल्यांदा खुलला. त्यानं आरशातून मिस्त्रींना हात केला. पण अक्का मात्र कसनुशा होऊन म्हणाल्या, "तापली न्हाई व्हय रे?"

"नाही आई. काटा बघ, मधोमध आहे."

"तुझ्या बापाबरूबर पहिल्यांदा माहेराला निघाले, तवा हितंच तापली हुती. ह्याच वळणावर. तासभर बसलो आमी कठड्यावर. सासऱ्यांसमोर बोलाय मिळायचं न्हाई तवा. लगीन होऊन महिना झाल्ता, अन् त्यांचा आवाज मी नीट पहिल्यांदा हितं ऐकला." मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, "जाऊ दे. चांगली चालतीय ते बरंच हाय."

मी हे मिस्त्रींच्या कानाशी नव्हे, तोंडासमोर तोंड नेऊन सांगितलं. त्यांनी ते ओठांवरून टिपलं. लगेच पुढे वाकून अजितच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजितराव, घ्या बाजूला. तापलंय."

"अहो, काटा..."

"काट्याला काय कळतंय? मला वास आला. घ्या बाजूला."

अजितनं आरशात मिस्त्रींकडे पाहिलं. मग गाडी कठड्याशी उभी केली. मिस्त्री उतरले, बॉनेट उघडलं, हातात फडकं धरून गंभीर चेहऱ्यानं आत बघत उभे राहिले. अजितनं आईला हात धरून उतरवलं आणि कठड्यावर नेऊन बसवलं. मग तोही तिथेच तिच्याशेजारी बसला. मायलेक काय बोलत होते ते मला ऐकू आलं नाही, मी ऐकायचा प्रयत्नही केला नाही. खाली दरीत पिवळी फुलं होती. अक्का मान या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होत्या, जशी एखादी लांब ओळ वाचावी तशी.

मी बॉनेटपाशी गेले. इंजिन थंडगार नव्हतं, पण तापलेलंही नव्हतं. "मिस्त्री, खोटं बोललात?"

"व्हय," ते म्हणाले. "रविवारी देवळात सांगीन त्येला." आणि उगाच एक नट घट्ट होता तो आणखी घट्ट केला.

तासभर गाडी 'थंड' होत होती.

गजराबाईंच्या घरापुढे बोचकी बांधून झाली होती; दसरा झाला की टोळी निघणार होती. त्या विळ्याला धार लावत होत्या. गाडीतून उतरलेल्या बाईला त्यांनी ओळखलं नाही. अक्कांनी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरून आपल्या डोळ्यांसमोर आणला, अगदी वितीवर. कपाळ बघितलं, मग नाक, मग हनुवटीवरचं गोंदण. "गजरे, केवढी म्हातारी झालीस गं," त्या म्हणाल्या. गजराबाई म्हणाल्या, "तू काय पोरगी राहिलीस व्हय?" मग दोघी ओट्यावर बसल्या. आम्ही लांब लिंबाखाली चहा घेतला. मिस्त्रींना एकही शब्द ऐकू येत नव्हता, तरी परत निघेपर्यंत त्यांनी त्या ओट्यावरून नजर काढली नाही.

जुनं इंजिन बांधायला दीड वर्ष लागलं. पिस्टन आले ते पहिले चुकीचे आले, परत पाठवले. धातू ओतायच्या दिवशी मिस्त्रींनी शेडचं दार लावून घेतलं, वाऱ्याची झुळूक नको म्हणून. तीनदा ओतलं, तेव्हा मनासारखं बसलं. अजित सुट्टीच्या शनिवारी पुण्याहून येऊन बसायला लागला. आधी विचारायचा, "कुठवर आलं?" नंतर विचारायचा बंद झाला, नुसता भाग पुसून द्यायचा. पाहुणं इंजिन तोवर अक्कांना घेऊन आठ-दहा वेळा तरी माहेरी जाऊन आलं. त्या काळात मिस्त्रींचे उरलेसुरले कानही गेले. दातांत मूठ धरली तरी आता फक्त थरथर लागते, असं त्यांनी मला एकदा डबा खाताना सांगितलं. सांगितलं आणि लोणच्याची फोड पुढे केली.

एका सकाळी पाहुणं इंजिन उतरवून जुनं चढवलं. चॅसीवर एक ओरखडा नव्हता. अजितनं खाली वाकून बघितलं, मग मिस्त्रींचे पाय धरले. ते दोन पावलं मागे सरले. अक्काही आल्या होत्या. त्यांना आता उजेड आणि सावली, एवढंच कळत होतं. त्यांना पुढच्या सीटवर बसवलं.

पहिल्या झटक्याला इंजिन चालू झालं. धूर नाही. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला, थोडा वेळ धरून ठेवला आणि न लावताच बाकावर ठेवून दिला. अक्कांच्या खिडकीशी जाऊन म्हणाले, "अक्का, मला कळंना. तुमीच ऐका अन् सांगा, कसं वाजतंय."

अक्कांनी डोळे मिटले. बराच वेळ ऐकलं. अजितला म्हणाल्या, बंद कर. त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद होता होता एक ठोका जास्तीचा देऊन थांबलं. अक्का बोलायला लागल्या, आणि मी खडू घेऊन दारावर लिहायला लागले, कारण मिस्त्रींना त्यांचे ओठ नीट दिसत नव्हते. त्या तोंडावर पदर धरून बोलत होत्या.

मी लिहिलं: 'बंद केल्यावर एक ठोका जास्त देतं. पहिल्यापासून द्यायचं. तो ठोका ऐकला की मी चहाचं आधण ठेवायची. ते फाटकात आले म्हणून.'

मिस्त्रींनी चष्मा सारखा करून वाचलं. पुन्हा वाचलं. "खोड हाय ती," म्हणाले. "काढता आली असती. राहू द्या." आणि पाठ करून हत्यारं आवरायला लागले. ती आवरायला त्यांना त्या दिवशी फार वेळ लागला.

त्यानंतर वर्षभरानं त्यांनी शेड सोडली. हत्यारं गल्लीतल्या ज्याला जे लागेल त्याला दिली. भिंगारला घरी असायचे. मी अधूनमधून जायची, पण जाणं कमी होत गेलं, तसं होतंच. पुढे एका पावसाळ्यात रूथकाकूंचा फोन आला, मिस्त्री झोपेतच गेले म्हणून.

त्याआधी काही महिने मी त्यांना एकदा पाहिलं होतं, त्यांनी मला नाही. मी स्कूटरवरून दुकानाकडे चालले होते. हमरस्त्यावर सगळी वाहनं एकाएकी थांबली. वाटलं, अपघात झाला. मान उंच करून बघते तर मिस्त्री रस्ता ओलांडत होते. भोंगे ऐकू येत नाहीत म्हणून त्यांनी सरळ एक हात उंच धरला होता, शाळेत हजेरी देतात तसा. दुसऱ्या हातातल्या पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती. एक भला मोठा कंटेनर त्यांच्यापासून चार हातांवर धापा टाकत उभा होता. मिस्त्री घाई न करता दुभाजकापर्यंत पोचले, वळले, ड्रायव्हरला सलाम केला आणि पोलिसासारखा हात हलवून त्याला म्हणाले, जा, जा आता.